आधी सतरावा ठराव, मग बर्फावरचा पाक

"बर्फ कुठाय?" लॉरेननं विचारलं.

शाळेच्या स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. पातेल्यात मेपलच्या झाडांतून यंदा पाझरलेल्या पहिल्या रसाचा पाक. दोन पराती भरून डोनट. आंबट काकड्यांची बरणी. गावसभेच्या दिवशी जेवण झालं की उकळता पाक ताज्या बर्फावर ओतायचा, चिकट झाला की काट्याला गुंडाळून खायचा, मध्ये डोनट, आणि गोड जास्त झालं की काकडीचा एक चावा. एकतीस वर्षं हा पाक लॉरेन पेल्कीच्या हातचा. फक्त बर्फ नव्हता.

"फ्रीजरमध्ये आहे, मेमे," जोसी म्हणाली. "फ्रीजरला कुलूप आहे."

"आणि किल्ली?"

जोसीनं स्वेटरच्या गळ्यातून एक दोरी बाहेर काढली. तिला दोन किल्ल्या होत्या. तिनं त्या आजीला दाखवल्या आणि परत आत टाकल्या.

"पाक सतराव्या ठरावानंतर," ती म्हणाली.

लॉरेननं खिडकीतून बाहेर बघितलं. मार्चचा पहिला मंगळवार. पागोळ्या टपटप गळत होत्या आणि आवारातला उरलासुरला बर्फ तिच्या रेजीनं रस्त्यावर टाकलेल्या वाळूनं करडा झाला होता. तो कुत्र्यानंही चाटला नसता. स्वच्छ बर्फ पोरांनी दोन आठवड्यांपूर्वीच परातींत दाबून फ्रीजरमध्ये ठेवला होता. कुणाच्या सांगण्यावरून, हे आता तिला कळलं.

"व्हरमाँटमध्ये बर्फ लपवणारी तू पहिलीच गं बाई!"

"लपवला नाही. जपून ठेवलाय."

जोसी सतरा वर्षांची. बारावीच्या वर्गाची अध्यक्ष, म्हणून सभेचं जेवण तिच्याकडे. वादविवाद संघाची कप्तान. बँडमध्ये ट्रॉम्बोन. रक्तदान शिबिर तिचं, शाळेचा वार्षिक अंक तिचा. त्या अंकात तिचे नऊ फोटो होते. त्यातल्या एकात ती बुद्धिबळ मंडळात बसली होती आणि तिला बुद्धिबळ येत नव्हतं. चौथा माणूस कमी पडत होता म्हणून बसली. ईस्ट हार्लो गावात असंच चालायचं. माणसं कमी, खुर्च्या जास्त.

सतरावा ठरावही तिचाच. स्वतःला मत नाही, अठरा पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी, तरी थंडीत दारोदार फिरून तिनं सह्या गोळा केल्या होत्या. मागणी एवढीच, की म्हाताऱ्यांची गाडी, म्हणजे गावानं वृद्धांसाठी घेतलेली पांढरी व्हॅन, आठवड्यातून तीन संध्याकाळी शाळेपाशी यावी आणि उशिरा थांबलेल्या पोरांना वर डोंगरातल्या वस्त्यांवर सोडावी. शाळेची बस तीनला सुटते. ती चुकली की वरच्या पोरांना ना संघ, ना बँड, ना काही.

"ती गाडी आमची आहे," लॉरेन म्हणाली. गाडीच्या समितीची ती प्रमुख होती. "आधीच तिला वास मारतो. त्यात तुमचे बूट आणि तुमचे मोजे."

"वास कसला मेमे?"

"तुला माहीत आहे कसला. वेंडेलचा. बिचारा एकटा राहतो, धुणं कोण करणार त्याचं? म्हणून तर त्याला मागच्या सीटवर बसवते."

जोसीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि काकड्या चिरायला घेतल्या. लॉरेनला जरा नवल वाटलं. ही पोरगी कधी गप्प बसत नाही.

*

रेजी पेल्की ट्रकला टेकून कॉफी पीत होता. लॉरेनचा धाकटा मुलगा, गावच्या रस्त्यांचा मुकादम, वय सेहेचाळीस. हिवाळ्यात ट्रकला पुढे फाळ लावून बर्फ हटवायचा, बाकीच्या दिवसांत खड्डे बुजवायचा. भाची खरकट्याची बादली घेऊन बाहेर आली तसा तो हसला.

"काय आमदारीणबाई? प्रचार जोरात?"

"मामा, तू विरोधात बोलणार आहेस का?"

"बोलणार."

"का?"

"गाडी रोज वापरली की झिजते. गावाचा माल आहे, जपायला नको?"

जोसीनं बादली खाली ठेवली. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं. "जानेवारीत आमच्या वर्गानं गाडी धुतली. मागच्या सीटखाली एक शेपटी सापडली. माशाची."

रेजीची कॉफी घशातच राहिली.

मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळ. गाडी गावाच्या गॅरेजमध्ये, आणि गॅरेजची किल्ली त्याच्याकडे. त्याच्या ट्रकचा हीटर दोन वर्षं बंद. तळ्यावरच्या गोठलेल्या बर्फात भोक पाडून गळ टाकून बसायचं तर माणसाला परत येताना ऊब नको? व्हॅनचा हीटर झकास होता. बादली मागच्या सीटखाली बरोबर बसायची. कधी कधी सांडायची.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. शेपटी मी फेकून दिली."

रेजीनं तिच्याकडे नीट बघितलं. हिला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं, शेजारच्या सीटवर पाय आपटत, "ब्रेक, ब्रेक" ओरडत. "आणि आता सांगशील?"

"सांगितलं तर तुझी नोकरी जाईल?"

"जाईलही."

"मग नाही सांगणार."

"मी विरोधात बोललो तरी?"

"तरी. पण मामा," तिनं बादली उचलली, "वेंडेल मागच्या सीटवर बसतो. माहीत आहे ना? का बसतो ते पण माहीत आहे ना?"

आणि गेली. रेजी कॉफीकडे बघत राहिला. पोरीनं धमकी दिली असती तर बरं झालं असतं. धमकीला काय, तो परत धमकी देऊ शकला असता.

*

जोसीची आई कोलेट गावची कारकून, म्हणजे सभेचं इतिवृत्त तिच्या हातात. शाळेच्या व्यायामशाळेतल्या व्यासपीठावर तिच्या शेजारी तिचे वडील आर्मंड, सत्तावीस वर्षं सभेचे अध्यक्ष. तिची आई स्वयंपाकघरात, भाऊ समोर तिसऱ्या रांगेत, मुलगी भिंतीकडेच्या बाकावर. त्या बाकावर मत नसलेल्यांनी बसायचं. जोसीच्या शेजारी वर्तमानपत्राचा बातमीदार आणि कुणाचा तरी बोस्टनहून आलेला जावई होता.

सकाळी दहा ठराव झाले. सगळ्यात जास्त वेळ दफनभूमीच्या कुंपणाला लागला. मग जेवण. राजमा, हॅम, कोबीची कोशिंबीर. आणि मग लोक थांबले. काटे हातात घेऊन थांबले.

कोलेटनं मुलीला दंडाला धरून संगीताच्या खोलीत नेलं.

"पाक कुठाय?"

"वेळापत्रक बदललंय आई."

"ही लाच आहे, जोसेफीन."

पूर्ण नाव आलं म्हणजे प्रकरण गंभीर.

"लाच कशी? विरोधात मत देणाऱ्यालाही मिळणारच आहे. फक्त मत देऊन झाल्यावर."

"गाव काय म्हणेल? आजोबा अध्यक्ष, आई कारकून, आजीचा पाक, नातीचा ठराव! पेल्क्यांनी सभा घरी नेली म्हणतील!"

"आई, बाहेर बघ ना. झाडांतून रस वाहतोय. वरच्या वस्तीतली माणसं दुपारी उठून रस उकळायला जाणार. दर वर्षी जातात. मग सभेत राहतं कोण? खालची म्हातारी माणसं आणि मामाचे मित्र. ज्यांच्या पोरांसाठी ठराव आहे तेच नाहीत." तिचा आवाज जरा चिरकला. "ब्रिन अकरा मैलांवर राहते. तिला मी सोडते. ओवेनला मी सोडते. त्या दोन जुळ्यांना मी सोडते. मेमेच्या जुन्या ब्युइक गाडीतून, रोज. घरी यायला साडेसात होतात. ती बस म्हणजे मीच आहे, आई. आणि मी ऑगस्टमध्ये चाललेय."

ऑगस्ट हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. कॉलेजचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. ते फ्रीजवर चुंबकाखाली होतं, आणि कोलेट दूध बाहेर काढताना दुसरीकडे बघायची.

"सगळ्या संघांत तू एकटीच का असतेस हे मला कधी कळलं नाही," ती शेवटी म्हणाली.

"एकटी नसते. बाकीच्यांना घरी कसं जायचं हा प्रश्न असतो फक्त."

"मी तुला काही विचारलं नाही," कोलेट म्हणाली. "मला काही माहीत नाही. माझ्या इतिवृत्तात पाक हा शब्द येणार नाही." आणि जाता जाता मुलीच्या गळ्यातली दोरी तिनं नीट आत सारली.

*

आर्मंडनं हातोडी आपटली तेव्हा अडीच वाजले होते आणि एकही माणूस गेला नव्हता. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा. मागे उभ्या असलेल्या वरच्या वस्तीतल्या बाप्यांनी कोट घातले होते, पण काटे खिशात होते.

रेजीचा मित्र गॉर्डी उठला. "अध्यक्ष महाराज, पाकासाठी सभा थोडा वेळ तहकूब करावी असा माझा प्रस्ताव आहे."

टाळ्या.

आर्मंडनं चष्म्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे त्याची बायको हाताची घडी घालून उभी होती. मग भिंतीकडेच्या बाकाकडे बघितलं. तिथे नात छताचे दिवे मोजत होती. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला समजायला वेळ लागतो असं लोकांना वाटतं. आर्मंडला दोन सेकंद लागले.

"बर्फ बारावीच्या वर्गाचा आहे," तो म्हणाला. "वर्गाच्या मालमत्तेवर या सभेचा अधिकार चालत नाही. तहकूब केलीत तर नुसतेच बसाल. ठराव अकरा."

अकरा ते सोळा पस्तीस मिनिटांत संपले. गावच्या इतिहासात एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

ठराव सतरा. वेंडेल ट्रास्क, वय अठ्ठ्याऐंशी, मागच्या खुर्चीवरून सावकाश उठला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"या मुलीला बोलू द्या," तो म्हणाला. "मत नसलं तरी."

मत नसलेल्याला बोलायचं तर दोन-तृतीयांश हात वर व्हावे लागतात. झाले. जोसी उभी राहिली आणि अगदी थोडकं बोलली. अकरा मैल, ब्रिन, तीनची बस, रिकामी उभी गाडी. ऑगस्टचं काही बोलली नाही. वादविवादाची कप्तान एवढ्यावर थांबली याचं तिच्या शिक्षकांना आश्चर्य वाटलं.

"विरोधात कुणी?"

रेजी अर्धा उठला. त्याच्या आधी दारातून आवाज आला.

"मी आहे विरोधात, आर्मंड."

"अध्यक्ष म्हणायचं."

"पन्नास वर्षं तुझे मोजे धुतेय मी, अध्यक्ष. ऐका आता सगळे." लॉरेन पुढे आली. "माझी नात आहे, गुणी आहे, ते सगळं खरं. पण गाडी आमची आहे, आणि तिला आताच इतका वास मारतो की खिडकी उघडून पत्ते खेळायला जावं लागतं. नाव घेत नाही मी कुणाचं. ज्याचं त्याला माहीत आहे. त्यात ही घामाघूम पोरं आली तर—"

नाव घेतलं नाही, पण अख्खी सभा मागे वळली. वेंडेल स्वतःच्या टोपीकडे बघत होता. ती त्यानं उलटी केली, परत सुलटी केली. कान लाल झाले होते.

जोसीनं मामाकडे बघितलं. फक्त बघितलं.

रेजी पूर्ण उठला.

"अध्यक्ष महाराज." खोकला. "बाबा. म्हणजे अध्यक्ष. तो वास वेंडेलचा नाही."

"मग?"

"पर्चचा आहे."

"कुणाचा?"

"माशाचा, आई. मी गाडी तळ्यावर नेतो. मंगळवारी आणि गुरुवारी. दोन हिवाळे झाले. बादली सांडते."

व्यायामशाळेत एवढी शांतता झाली की स्वयंपाकघरात पाक खदखदताना ऐकू आला. गॉर्डी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि वर आलाच नाही. कोलेटचं पेन कागदावर तसंच थांबलं.

वेंडेल हळूच म्हणाला, "रेजी, मी दोन वर्षं दिवसातून दोनदा आंघोळ करतोय."

कुणी हसलं नाही. कुणाला हसावं कळत नव्हतं.

"थंडीत," वेंडेल म्हणाला. "माझा बॉयलर जुना आहे." मग जरा थांबून, "किती मिळाले?"

"काय?"

"पर्च."

"एका संध्याकाळी एकोणीस," रेजी म्हणाला.

"एकोणीस!" वेंडेल म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की पहिली रांग फुटली, मग दुसरी, मग सगळी व्यायामशाळा. आर्मंडला हातोडी पाच वेळा आपटावी लागली.

लॉरेन मात्र हसत नव्हती. ती वेंडेलजवळ गेली, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बाजूला बसून तिनं दीर्घ श्वास घेतला.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. "मला माफ कर."

"लॅव्हेंडरचा आहे," वेंडेल म्हणाला. "महागाचा घेतला मुद्दाम."

ती तशीच बसून राहिली आणि बसूनच हात वर केला.

"दुरुस्ती सुचवायची आहे."

"दुरुस्ती लेखी द्यायची असते," आर्मंड म्हणाला.

लॉरेननं एप्रनच्या खिशातून कागदी रुमाल काढला, वेंडेलकडून पेन घेतलं, लिहिलं, आणि पोराच्या हाती तो व्यासपीठापर्यंत पाठवला. पोरगं म्हणजे रेजीच. त्यालाच न्यायला लावला. कोलेटनं वाचायला सुरुवात केली, आणि तिला मध्ये एकदा थांबून गाल आतून चावावा लागला.

"'सदर गाडी आठवड्यातून तीन संध्याकाळी विद्यार्थ्यांना सोडेल. चालक म्हणून रेजी पेल्की काम करेल. पगाराशिवाय. गाडी आधी तो धुवेल. आतून. दोनदा. पुढची सीट वेंडेल ट्रास्क यांच्यासाठी कायम राखीव, त्यांना फिरायला जायचं असेल तर.'"

"आई!" रेजी म्हणाला.

"मुकादमाला काही आक्षेप?" आर्मंडनं विचारलं. चेहरा अगदी अध्यक्षाचा. "गावच्या पंचांना गाडीबद्दल वेगळी चौकशी करायची असेल तर ते करू शकतात. किंवा ही दुरुस्ती पुरेशी आहे असं मानू शकतात."

पहिल्या रांगेतल्या तीन पंचांनी एकमेकांकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. मधला म्हणाला, "पुरेशी आहे."

"आक्षेप नाही," रेजी म्हणाला.

आवाजी मतदान झालं. "हो" इतक्या जोरात आलं की बास्केटबॉलची पाटी थरथरली. "नाही" म्हणणारे चार-पाच होते आणि त्यातला एक गॉर्डी, पण तोही खालूनच बोलला. जोसी बाकावर दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. मत मिळायला अजून नऊ दिवस होते, चुकून तोंडातून "हो" निघायला नको म्हणून.

"ठराव मंजूर," आर्मंड म्हणाला. हातोडी हवेत तशीच ठेवून तो नातीकडे वळला. "आणि आता बारावीच्या वर्गाला काही जाहीर करायचं असेल तर करावं. माझी साखर खाली आलीय."

*

पहिली ताटली वेंडेलला. काकडी जास्तीची.

वरच्या वस्तीतली माणसं उभ्यानं खाऊन पळाली, रस थांबत नाही. रेजी जोसीच्या शेजारी येऊन उभा राहिला, दाढीला पाकाची तार.

"ब्रिनच्या घराकडचा तो शेवटचा चढ चिखलात अवघड जातो."

"माहीत आहे. मी रोज जाते."

"मी त्यावर खडी टाकेन शनिवारी." मग जरा वेळानं, "तू खरंच नसतं सांगितलंस?"

"नसतं."

"मूर्ख आहेस."

"मामा, तू सांगितलंस. तू कोण?"

त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि साबण आणायला गेला.

परातींत बर्फ संपत आला तेव्हा जोसी स्वयंपाकघरात गेली. लॉरेन पातेलं खरवडत होती. जोसीनं गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली. फ्रीजरची किल्ली, आणि तिच्या शेजारी ब्युइकची.

"तुझी गाडी मेमे. आता लागणार नाही मला."

लॉरेननं हात पुसले. फ्रीजरची किल्ली सोडवून खिशात टाकली. ब्युइकची किल्ली बराच वेळ हातात धरली, वजन बघावं तशी. खिडकीबाहेर पागोळ्या अजून गळत होत्या.

मग तिनं ती दोरी परत नातीच्या गळ्यात घातली.

"ऑगस्टपर्यंत ठेव," ती म्हणाली. घरातल्या कुणीतरी तो शब्द मोठ्यानं उच्चारला होता. "आणि गुरुवारी मला पत्त्यांना तूच ने. त्या गाडीचा वास इतक्यात जायचा नाही."